डोक्याची त्वचा स्वच्छ कशी ठेवायची: पहिल्यांदाच नीट सुरुवात करणाऱ्यांसाठी

माझ्या डोक्यात चार वर्षं कोंडा होता, आणि त्या चार वर्षांत मी डोकं धुणं जमेल तितकं लांबवत आले. कारण एकच. धुतलं की न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा पुंजका जमायचा आणि तो बघून पोटात गोळा यायचा. म्हणून आठवड्याने, कधी दहा दिवसांनी धुवायचे. खाज सुटली की तेल चोळायचे. तासभर बरं वाटायचं, दोन दिवसांनी पुन्हा खपल्या. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "शाम्पू कुठे लावता? केसांना की डोक्याला?" मला उत्तर देता येईना. इतकी वर्षं मी केसच धुत होते. खालची त्वचा तेल, घाम आणि नीट न निघालेल्या शाम्पूच्या थराखाली तशीच राहत होती.

त्यानंतर जे शिकले ते इथे क्रमाने मांडते आहे. पण आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, म्हणजे तुमची निराशा होणार नाही. डोकं स्वच्छ ठेवल्याने नवे केस फुटत नाहीत. केसाचा जिवंत भाग त्वचेच्या काही मिलिमीटर खाली, मुळाच्या पिशवीत असतो. वर दिसतो तो केस निर्जीव असतो. कुठलाही शाम्पू त्या पिशवीला जास्त केस काढायला लावू शकत नाही. पण त्वचा सतत सुजलेली, खाजणारी, खपल्यांनी भरलेली असेल तर तिथून निघणारा केस कमकुवत राहतो आणि खाजवण्याने तुटतोही. हा त्रास बंद करणं आपल्या हातात आहे.

१. गळणाऱ्या केसांची भीती आधी काढा

हा टप्पा मी मुद्दाम पहिला ठेवला आहे. ही भीती गेली नाही तर पुढचं काहीच नीट होणार नाही.

डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. प्रत्येक केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, आणि पुढे सुमारे ३ महिने तो नुसता जागेवर बसून राहतो. नंतर गळतो आणि त्याच जागी नवा येतो. त्यामुळे रोज ५० ते १०० केस गळणं हे सगळं सुरळीत चालल्याचं लक्षण आहे. धुताना हातात येतात ते मुख्यतः हे वाढ संपलेले, आधीच सुटलेले केस. पाणी आणि बोटांमुळे ते फक्त बाहेर पडतात. तुम्ही आठ दिवसांनी डोकं धुतलंत तर अडकून राहिलेले असे बरेच केस एकदम निघणार. मी ज्या पुंजक्याला घाबरत होते तो असाच साठलेला होता.

दुसरी भीती केसाच्या टोकाला दिसणाऱ्या पांढऱ्या गाठीची. "मूळच उपटलं गेलं" असं वाटतं. तसं नसतं. वाढ संपलेल्या केसाचं खालचं टोक असंच फुगीर आणि पांढुरकं असतं. मुळाची पिशवी आत शाबूत असते.

२. तुमची त्वचा कशी आहे ते ओळखा

डोकं धुतल्यावर २४ तासांनी पातळ टिशूपेपर टाळूवर आणि कानांच्या मागे दहा सेकंद दाबून धरा. कागदावर तेलाचा पारदर्शक डाग आला तर त्वचा तेलकट. काहीच नाही आणि त्वचा ओढल्यासारखी वाटते, तर कोरडी. मधल्या स्थितीतले लोकही पुष्कळ असतात.

आता भांग पाडून उजेडात बघा, किंवा कुणाला तरी फोटो काढायला सांगा. स्वतःचं डोकं स्वतःला दिसत नाही, म्हणून आपण अंदाजावर चालतो. काय दिसतं त्यावर पुढचं सगळं ठरेल:

- बारीक, कोरडी, पांढरी भुकटी आणि त्वचा ताणलेली: बहुधा कोरडेपणा.
- चिकट, पिवळसर खपल्या आणि खाज: तेलकट कोंडा. हा भुवयांत, नाकाच्या कडेला, कानांमागेही दिसतो.
- जाड, रुपेरी, कडा स्पष्ट असलेले चट्टे, केसांच्या रेषेबाहेर कपाळावरही आलेले: सोरायसिस असू शकतो.
- केसाला घट्ट चिकटलेले, बोटाने सरकत नाहीत असे पांढरे कण: लिखा. कोंडा झटकला की पडतो, लीख पडत नाही. यावर उवांचं औषध आणि बारीक दातांची फणी लागते, कोंड्याचा शाम्पू नाही.
- गोल, गुळगुळीत टक्कल पडलेली जागा: चाई.
- केस तुटून खुंट राहिलेले, खपल्या धरलेले गोल डाग, विशेषतः लहान मुलांमध्ये: डोक्यातला नायटा.

सोरायसिस, चाई किंवा नायटा यांपैकी कशाचीही शंका आली तर हा लेख इथेच थांबवा आणि थेट शेवटच्या टप्प्यावर जा. नायटा संसर्गजन्य असतो आणि त्याला पोटात घ्यायचं औषध लागतं. नुसत्या शाम्पूने तो जात नाही.

३. सामान जमवा

यादी लहान आहे, आणि लहानच ठेवा.

- सौम्य शाम्पू. तेलकट त्वचेला सोडियम लॉरेथ सल्फेट हा तेल काढणारा घटक असलेला नेहमीचा शाम्पूही चालतो. कोरड्या किंवा हुळहुळ्या त्वचेला कोकामिडोप्रोपिल बीटेन किंवा सोडियम कोकोइल आयसेथिओनेट या सौम्य घटकांवर आधारलेला आणि शक्यतो बिनवासाचा घ्या.
- कंडिशनर.
- मोठ्या दातांचा कंगवा.
- मऊ सुती पंचा किंवा जुना टी-शर्ट.
- कोंडा असेल तर औषधी शाम्पू (टप्पा ७).

अंगाचा साबण डोक्याला लावू नका. त्वचेचा सामू (pH) सुमारे ५.५ म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो आणि नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. शिवाय जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन जो पांढरा राप बसतो तो केसांवरून सहजी निघत नाही. खायच्या सोड्याचा सामूही असाच जास्त असतो, म्हणून तोही नको. लिंबाचा रस उलट दिशेने टोकाचा आम्लधर्मी असतो. खाजवून ओरखडे पडलेल्या त्वचेवर तो लावला तर आग होते आणि जखमा चिघळतात.

नवं कुठलंही उत्पादन, आणि केसांचा रंग तर नक्कीच, आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून ४८ तास थांबा. शाम्पू असेल तर पाणी मिसळून लावा आणि काही मिनिटांत धुवा. जागा लाल झाली, खाज आली तर ते डोक्यावर नको. काळ्या रंगांत असणाऱ्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी डोक्यावर आली तर कपाळ आणि पापण्या सुजण्यापर्यंत जाते.

४. किती दिवसांनी धुवायचं ते ठरवा

तेलकट त्वचा, रोज व्यायाम, हेल्मेट: रोज किंवा एक दिवसाआड. मधली त्वचा: दोन-तीन दिवसांनी. कोरडी त्वचा किंवा दाट कुरळे केस: आठवड्यातून एकदा पुरे होतं. कुरळ्या केसांवरून तेल टोकांपर्यंत उतरत नाही, म्हणून केस कोरडे दिसतात, पण खाली त्वचा तेलकट असू शकते. अशा वेळी त्वचेकडे बघून ठरवा.

"रोज धुतलं की डोकं जास्त तेल सोडतं" असं मलाही सांगितलं गेलं होतं. तेलग्रंथी शरीरातल्या संप्रेरकांच्या, मुख्यतः अँड्रोजेन्सच्या, आज्ञेत असतात. डोक्यावर किती तेल उरलं आहे ते त्यांना कळत नाही. वयात येताना तेल वाढतं आणि उतारवयात कमी होतं ते याचमुळे.

ड्राय शाम्पू म्हणजे धुणं नव्हे. तो तेल शोषून घेतो आणि ती पूड त्वचेवरच राहते. अडीअडचणीला एकदा ठीक, पण त्यानंतरचा दिवस खऱ्या धुण्याचा असला पाहिजे.

५. धुण्याची पद्धत

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून सावकाश सांगते.

अ) कोरड्या केसांतला गुंता आधी सोडवा. टोकांकडून सुरुवात करून वर जा. ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो, त्यामुळे हे काम नंतरवर टाकू नका.

आ) कोमट पाण्याने किमान एक मिनिट डोकं भिजवा. केस वरून ओले दिसतात तेव्हा खालची त्वचा बहुतेक वेळा कोरडीच असते, दाट केसांत तर हमखास. केसांत बोटं घालून पाणी आतपर्यंत जाऊ द्या. कढत पाणी नको. ते त्वचेचं संरक्षक तेलही ओरबाडून नेतं आणि खाज वाढवतं.

इ) शाम्पू तळव्यावर घ्या, थोडं पाणी मिसळून दोन्ही हातांवर पसरवा. सरळ टाळूवर ओतला तर सगळा एकाच जागी राहतो आणि कानांमागे, मानेच्या वरच्या भागाला पोचतच नाही.

ई) डोक्याचे मनातल्या मनात पाच भाग करा: कपाळाची कड, टाळू, उजवी बाजू, डावी बाजू, मागचा भाग. प्रत्येक भागावर बोटांच्या पेरांनी छोटी वर्तुळं करत दहा-पंधरा सेकंद चोळा. नखं लावायची नाहीत. खाज असेल तर नखं मारण्याचा मोह फार होतो, मी तो कित्येक वर्षं आवरला नाही. पण नखाने पडलेल्या ओरखड्यांतूनच जंतू आत शिरतात. केसांच्या लांबीला वेगळा शाम्पू लावायची गरज नाही. धुताना खाली ओघळणारा फेस त्यांना पुरतो.

उ) धुवून टाका. डोकं खूप तेलकट असेल किंवा तेल लावलेलं असेल तर दुसऱ्यांदा थोडा शाम्पू घ्या. पहिल्यांदा फेस आला नाही तर घाबरू नका, तो शाम्पू तेल काढण्यात खर्ची पडलेला असतो. जड पाण्यातही फेस कमी येतो. अशा पाण्याचा राप साचत असेल तर ईडीटीए (पाण्यातले क्षार धरून ठेवणारं रसायन) असलेला शाम्पू महिन्यातून एक-दोनदा वापरा.

ऊ) कंडिशनर कानांच्या खालच्या केसांना लावा, मुळांना नाही. केस लहान असतील तर अगदी थोडा, तळव्याने फक्त वरून फिरवायचा.

ए) आता शेवटचं धुणं. इथे घाई करू नका. जितका वेळ शाम्पू चोळलात त्याच्या दुप्पट वेळ पाणी सोडा. कानांच्या मागे आणि मानेवर हात फिरवून बघा. बोटं निसरडी लागली तर अजून काहीतरी उरलं आहे. सुकल्यावर जी पांढरी भुकटी आपण कोंडा समजतो, ती कित्येकदा शाम्पू-कंडिशनरचा हा उरलेला अंश असतो. माझा जवळजवळ निम्मा "कोंडा" या एका पायरीने गेला.

६. सुकवणं आणि तेल

पंच्याने टिपा, घासू नका. केस ओले असताना घट्ट बांधू नका आणि ओल्या डोक्याने झोपू नका. कोंडा वाढवणाऱ्या बुरशीला दमट ऊब हवीच असते. ड्रायर वापरत असाल तर तो साधारण १५ सेंटिमीटर लांब धरा, हलवत राहा, उष्णता कमी ठेवा.

तेलाबद्दल माझं मत इतरांना कडवट वाटू शकतं, पण अनुभवाने बनलं आहे: कोंडा असेल तोवर त्वचेला तेल लावू नका. आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर मालासेझिया नावाची बुरशी राहते. १९व्या शतकातले फ्रेंच संशोधक लुई-शार्ल मालासे यांच्यावरून तिला हे नाव मिळालं. तिला स्वतःची स्निग्ध आम्लं बनवता येत नाहीत, म्हणून ती आपल्या त्वचेवरचं तेल फोडून खाते. त्यातून ओलेइक आम्ल उरतं. काही लोकांची त्वचा या आम्लाने चिडते, पेशी वेळेआधी आणि गठ्ठ्यांनी सुटू लागतात, तोच कोंडा. म्हणजे खाज आली म्हणून मी तेल चोळत होते तेव्हा तिलाच खाऊ घालत होते. तासभर वाटणारा आराम खरा होता, खपल्या मऊ होऊन चिकटून बसत होत्या एवढाच त्याचा अर्थ.

तेल आवडत असेल तर धुण्याआधी तासभर फक्त केसांच्या लांबीला लावा. खोबरेल तेल केसाच्या आत काही प्रमाणात शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं. कोंडा नसलेल्या कोरड्या डोक्याला थोडं तेल चालतं, पण तेही त्याच दिवशी धुवून टाका.

७. कोंडा असेल तर औषधी शाम्पू

कुठला घ्यायचा हे नाव बघून ठरवू नका, मागच्या बाजूला लिहिलेला घटक वाचा.

किटोकोनॅझोल (१ किंवा २ टक्के) बुरशी कमी करतं. २ टक्क्यांचा शाम्पू काही देशांत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. सेलेनियम सल्फाइडही बुरशीवर चालतं, पण रंगवलेल्या किंवा फिकट केसांचा रंग बिघडवू शकतं. लावताना चांदीचे दागिने काढून ठेवा. झिंक पायरिथिऑन सौम्य असतं. युरोपीय संघाने मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली आहे, तर इतर अनेक देशांत ते सुरू आहे. सॅलिसिलिक आम्ल बुरशी मारत नाही, चिकटलेल्या जाड खपल्या सोडवतं, आणि त्वचा कोरडी करतं. कोळशाच्या डांबराचा शाम्पू त्वचेच्या पेशींची सुटण्याची घाई कमी करतो. तो लावल्यानंतर डोक्याला कडक ऊन लागू देऊ नका.

वापरायची पद्धत अशी:

१) आधी साध्या शाम्पूने एकदा धुवा, म्हणजे तेलाचा थर निघेल.
२) औषधी शाम्पू त्वचेला लावा आणि घड्याळ लावून ३ ते ५ मिनिटं थांबा. बहुतेकांचा शाम्पू "लागू पडत नाही" तो याच पायरीवर. तीस सेकंदांत धुतलेल्या औषधाला काम करायला वेळच मिळत नाही.
३) आठवड्यातून दोनदा, २ ते ४ आठवडे. मधल्या दिवसांत साधा शाम्पू.
४) कोंडा गेल्यावर एकदम बंद करू नका. एक-दोन आठवड्यांतून एकदा चालू ठेवा. बुरशी आपल्या त्वचेची कायमची रहिवासी आहे, ती संपत नाही, आटोक्यात राहते. मी पहिल्यांदा बरं वाटताच थांबवलं आणि दीड महिन्यात पुन्हा होते तिथे आले.

गरोदर असाल, बाळाला पाजत असाल किंवा लहान मुलासाठी हवं असेल तर हे स्वतःच्या मनाने सुरू करू नका. आणि कुणी दिलेलं स्टिरॉइडचं लोशन तर मुळीच नको. त्याने लाली झटकन जाते, पण बरेच दिवस लावलं तर त्वचा पातळ होते, आणि खाली नायटा असेल तर तो पसरतो.

८. डोक्याला लागणाऱ्या वस्तू

कंगव्यातले केस रोज काढा. आठवड्यातून एकदा कंगवा कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून भिजवा आणि जुन्या टूथब्रशने दातांच्या फटी घासा. उशीचे अभ्रे आठवड्याला बदला. हेल्मेटचं आतलं अस्तर निघत असेल तर धुवा. टोपी, कंगवा, पंचा दुसऱ्याचा वापरू नका. घट्ट वेण्या आणि ओढून बांधलेले केस वर्षानुवर्षं ठेवले तर कपाळाच्या कडेचे केस कायमचे जाऊ शकतात, स्वच्छता कितीही चांगली असली तरी.

९. डॉक्टरांकडे कधी आणि काय घेऊन

औषधी शाम्पू नीट वापरूनही ४ आठवड्यांत फरक नाही, त्वचेतून पाणी किंवा पू येतो, दुखतं, गोल जागा मोकळ्या पडतात, मुलाच्या डोक्यात खवडे झाले आहेत, भांग रुंद होत चालला आहे किंवा कपाळ मागे सरकतं आहे: यांपैकी काहीही असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. शेवटची दोन लक्षणं बहुधा आनुवंशिक केसगळतीची असतात. त्यावर मिनॉक्सिडिलसारखे वेगळे उपचार आहेत आणि ते लवकर सुरू केले तर जास्त उपयोगी पडतात. धुण्यात सुधारणा करत बसून तो वेळ घालवू नका. मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण यानंतर दोन-तीन महिन्यांनी एकदम खूप केस गळू लागले तर ती वेगळी गोष्ट आहे, ती बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप थांबते. तरीही सांगा.

सोबत न्यायचं:

- डोक्याचे आधीचे आणि आताचे फोटो, तारखेसह.
- वापरत असलेल्या शाम्पू, तेल, रंग, जेल यांच्या बाटल्या किंवा मागच्या लेबलांचे फोटो.
- सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी.
- थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन अशा रक्ततपासण्या आधी झाल्या असतील तर त्यांचे अहवाल.
- गेल्या सहा महिन्यांतलं आजारपण, वजनातली घट, घरात कुणाला असाच त्रास आहे का, याची टिपणं.

त्या दिवशी तेल, जेल, केस लपवणारी पावडर काही लावू नका. मी पहिल्या भेटीला डोकं नीटनेटकं दिसावं म्हणून भरपूर तेल लावून गेले होते. खपल्या दिसल्याच नाहीत आणि मला पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं.